ब्रॅम्प्टन ईस्ट नेमका कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, ब्रॅम्प्टन शहरात गोअर रोडच्या बाजूला घर घेतलंत, नागरिकत्वाची शपथ झाली, आता पुढची प्रांतिक निवडणूक तुमची पहिलीच. म्हणून मतदारसंघाचा इतिहास शोधायला बसलात, तर 'ब्रॅम्प्टन ईस्ट'च्या नावावर तीनच निकाल सापडले. २०१८ला एनडीपीचे, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, गुररतन सिंग, २०२२ आणि २०२५ला पीसीचे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, हरदीप ग्रेवाल. शेजारी म्हणतात, हा एनडीपीचा बालेकिल्ला होता, तो ढासळला. ऑफिसातले जुने ब्रॅम्प्टनकर म्हणतात, छे, हा तर माजी मुख्यमंत्री बिल डेव्हिसांचा गाव, पिढ्यानपिढ्या कन्झर्व्हेटिव्ह. तिसरं कोणीतरी ठामपणे सांगतं की इथे लिबरलच येतात. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

तिघांवरही ठेवा, कारण तिघंही तीन वेगवेगळ्या मतदारसंघांबद्दल बोलतायत. जमीन तीच, पण तिच्यावर आखलेल्या रेषा निराळ्या आणि त्या रेषांच्या आत राहणारी माणसं तर आणखीच निराळी. टोरांटोभोवतीच्या उपनगरांत 'ही जागा कोणाची' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की मागच्या खेपेला मत देणारे आणि या खेपेला मत देणारे लोक तेच आहेत का? बहुतेक वेळा नसतात. ते तपासल्याशिवाय 'मतदारांनी कौल फिरवला' असं कोणी म्हटलं की मी तरी मान डोलावत नाही.

मी पील विभागात, म्हणजे ब्रॅम्प्टन-मिसिसागा-कॅलेडनच्या पट्ट्यात, बरीच वर्षं प्रचारांसाठी मतदारयाद्या आणि केंद्रनिहाय आकडे सांभाळण्याचं काम केलंय. पक्ष कोणता, याला इथे महत्त्व नाही; तिन्ही ठिकाणी हे काम साधारण एकाच पद्धतीनं चालतं. आधीच एक सांगतो, तुमच्या गल्लीचा इतिहास तुमचं घर नेमकं कुठे आहे यावर अवलंबून आहे. चार चौक इकडेतिकडे झालात तर आधीचा आमदार (इकडच्या भाषेत एमपीपी) बदलतो. मी खाली जे सांगतोय ते ब्रॅम्प्टनच्या पूर्व भागाचं आहे. तुमच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा तुम्हालाच नकाशा उघडून गाठावा लागेल.

सुरुवात १९५९पासून करू या, कारण जुने लोक तिथूनच करतात. तेव्हा आजचं ब्रॅम्प्टन, आजचं मिसिसागा आणि कॅलेडनकडचा ग्रामीण भाग मिळून 'पील' हा एकच प्रांतिक मतदारसंघ होता. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला पंतप्रधान डीफेनबेकरांच्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारनं 'अ‍ॅव्हरो अ‍ॅरो' या लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द केला. कारखाना माल्टनला, म्हणजे याच मतदारसंघात. हजारो कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. जूनमध्ये प्रांतिक निवडणूक झाली आणि पीसीचा उमेदवार होता एक तरुण वकील, बिल डेव्हिस. प्रांतात पक्षाची घट्ट पकड असूनही हा गडी १,२०३ मतांनीच निवडून आला. डेव्हिसांची जागा म्हणजे डोळे मिटून कन्झर्व्हेटिव्ह, असं जे म्हणतात त्यांना मी हा आकडा नेहमी दाखवतो. बालेकिल्ला नंतर बांधला गेला. पाया घातला तेव्हा जमीन चांगलीच हलत होती.

माल्टन लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९६७ला पीलचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाले आणि डेव्हिस पील नॉर्थचे झाले. १९७१ला ते प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाले. १९७४ला ब्रॅम्प्टन शहर, शेजारचं चिंगकूझी टाउनशिप आणि टोरांटो गोअर टाउनशिप एकत्र करून आजचं मोठं ब्रॅम्प्टन तयार झालं. तुम्ही राहता तो गोअर हाच. १९७५पासून 'ब्रॅम्प्टन' नावाचा स्वतंत्र मतदारसंघ आला आणि १९८५ला निवृत्त होईपर्यंत डेव्हिस तिथूनच निवडून येत राहिले. पण तेव्हाचा मतदार कोण? जुन्या गावातली दुकानदार-वकील मंडळी, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून शेतं विकत घेऊन आखलेल्या ब्रॅमलीच्या नव्या वसाहतीत आलेली कामगार-मध्यमवर्गीय कुटुंबं. गोअरमध्ये प्रामुख्यानं शेतीच. तिथल्या मतांनी निकाल इकडचा तिकडे होण्याइतकी वस्तीच नव्हती. म्हणून 'आमचा भाग डेव्हिसांचा' हे म्हणणं नकाशाच्या हिशेबानं बरोबर आणि माणसांच्या हिशेबानं जवळजवळ निरर्थक आहे.

डेव्हिस गेले त्याच वर्षी, १९८५ला, जागा लिबरल बॉब कॅलाहन यांच्याकडे गेली. १९४३पासून प्रांतात अखंड चाललेली पीसीची सत्ताही त्याच वर्षी संपली. १९८७ला ब्रॅम्प्टनच्या दोन जागा झाल्या, दोन्ही लिबरल. १९९०ला बॉब रे यांची एनडीपी प्रांतभर लाटेवर आली, १३०पैकी ७४ जागा जिंकून सरकारात बसली, तरी ब्रॅम्प्टनच्या दोन्ही जागा लिबरलांनीच राखल्या. एनडीपीला हा भाग मुळातूनच धार्जिणा असता तर १९९०ला दिसलं असतं. १९९५ला माइक हॅरिस यांच्याबरोबर दोन्ही जागा पीसीकडे. हा काळ मी भरभर सांगतोय, कारण यात उपनगरानं प्रांताची हवा पाहून मत दिलं, यापलीकडे फारसं काही नाही.

खरा मोड १९९६चा, आणि तो मतदारांनी घेतलेला नाही, कायद्यानं घेतलेला आहे. हॅरिस सरकारनं आमदारांची संख्या १३०वरून १०३वर आणली आणि प्रांतिक मतदारसंघांच्या सीमा फेडरल, म्हणजे ओटावाच्या संसदेच्या, मतदारसंघांना जोडून टाकल्या. १९९९ची निवडणूक या नव्या रेषांवर झाली. त्यात पूर्वेकडे जो मतदारसंघ तयार झाला त्याचं नाव होतं ब्रॅमली–गोअर–माल्टन–स्प्रिंगडेल. जुनी वसाहत, जुनी शेतजमीन, मिसिसागातली विमानतळाशेजारची वस्ती आणि नुकतं उभं राहिलेलं घरांचं नवं उपनगर, हे सगळं एका पिशवीत. १९९९ला तिथून पीसीचे रमिंदर गिल आले, २००३ला लिबरलांचे डॉ. कुलदीप कुलार यांनी त्यांना हरवलं. २००७ला रेषा पुन्हा सरकल्या, स्प्रिंगडेल दुसरीकडे गेलं आणि कुलार 'ब्रॅमली–गोअर–माल्टन'मधून पुन्हा निवडून आले.

ठाण्या-डोंबिवलीकडून आलेल्यांना हे वेगळं समजावायला लागू नये. २००९च्या विधानसभेला ठाणे जिल्ह्याच्या जागा १३वरून २४ झाल्या. ज्या ठाण्यातून एकनाथ शिंदे २००४ला आले होते, त्यातूनच निघालेल्या कोपरी-पाचपाखाडीतून ते २००९पासून येतात. 'कोपरी-पाचपाखाडीचा १९९५चा निकाल काय होता' असं तिथे कोणी विचारत नाही. इथे मात्र लोक सर्रास विचारतात, कारण ब्रॅम्प्टन हे नाव सगळीकडे असतं आणि त्यामुळे सगळं सलग वाटतं.

आता २०११, तुमच्या शेजाऱ्यांच्या 'बालेकिल्ल्या'चं वर्ष. मे महिन्यात फेडरल निवडणूक झाली. गुरबक्ष मल्ही १९९३पासून या भागाचे लिबरल खासदार, कॅनडाच्या संसदेतले पहिले पगडीधारी शीख. त्यांच्याविरुद्ध एनडीपीनं जगमीत सिंग नावाचा एक तरुण वकील उभा केला. जिंकले ते कन्झर्व्हेटिव्ह बल गोसल. जगमीत दुसरे, साडेपाचशेहूनही कमी मतांनी मागे. मल्ही तिसरे. पाचच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, जगमीत तोच भाग, तेच कार्यकर्ते आणि तीच यादी घेऊन प्रांतिक निवडणुकीत उतरले आणि कुलारांना हरवून आले. पील विभागातून प्रांतिक विधानसभेत गेलेला एनडीपीचा हा पहिला आमदार.

हा निकाल कसा वाचायचा? माझ्या मते पक्षानं जागा जिंकली असं म्हणण्यापेक्षा एका उमेदवारानं आणि त्याच्या भोवतीच्या तरुण फळीनं ती जिंकली असं म्हणणं जास्त बरोबर. मे महिन्यात दारोदार फिरून कोण आपलं, कोण काठावर, कोण पक्कं विरोधात, याची यादी तयार झालेली होती. एरवी नव्या उमेदवाराला ही यादी करायलाच सगळा प्रचारकाळ पुरत नाही. त्यांच्याकडे ती ताजी होती. शिवाय भाग बदललेला होता. २००१ला ब्रॅम्प्टनची लोकसंख्या सव्वातीन लाख, २०११ला सव्वापाच लाख. या दहा वर्षांत आलेल्या दोन लाख माणसांच्या मनात डेव्हिस नव्हते, कॅलाहन नव्हते, कुठल्याच पक्षाशी जुनं नातं नव्हतं. आणि माल्टनमध्ये विमानाच्या कारखान्यातल्या कामगाराच्या जागी आता टॅक्सी, ट्रक आणि गोदामांवर जगणारा मतदार होता. गाडीच्या विम्याचा हप्ता हा त्याच्या घरचा प्रश्न. ब्रॅम्प्टनचे विमा दर प्रांतात सगळ्यात चढ्या दरांमध्ये मोडतात, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. जगमीत यांनी तो विषय उचलून धरला आणि २०१३ला अल्पमतातल्या लिबरल सरकारला अर्थसंकल्पाच्या पाठिंब्यासाठी एनडीपीनं घातलेल्या अटींत विमा दर सरासरी १५ टक्के कमी करण्याची अट होती. हप्ते प्रत्यक्षात किती उतरले हा वादाचा विषय आहे. पण आपला आमदार आपल्या खिशाबद्दल बोलतो, हे लोकांना दिसलं. २०१४ला ते पुन्हा कुलारांनाच हरवून आले.

२०१७च्या ऑक्टोबरात जगमीत एनडीपीचे राष्ट्रीय नेते झाले आणि प्रांतिक जागा त्यांनी सोडली. २०१८ला पुन्हा नव्या रेषा आल्या. ब्रॅमली–गोअर–माल्टन मोडलं, माल्टन मिसिसागाकडे परत गेलं आणि ब्रॅम्प्टनच्या पाच जागा झाल्या. ईस्टमधून जगमीत यांचे बंधू गुररतन आले. त्या वर्षी एनडीपीनं पाचपैकी तीन जागा घेतल्या, पण सेंटरची जागा फक्त ८९ मतांनी. लिबरलांची अवस्था अशी झाली की नॉर्थ आणि वेस्टमध्ये त्यांचे विद्यमान आमदार तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. म्हणजे 'एनडीपीची लाट' म्हणतात तीत सरकारला कंटाळलेले लिबरल मतदार किती आणि मुळातले एनडीपीवाले किती, हे वेगळं काढावं लागतं. ईस्टमध्ये मात्र एनडीपीकडे आधीची सात वर्षांची बांधणी होती. इतर जागांपेक्षा तिथे तिचं बस्तान पक्कं होतं, ते याच कारणानं.

इथवरचा हिशेब एका वाक्यात: १९५९ ते २०१८ या काळात तुमच्या भागाच्या निकालांत जे बदल दिसतात, त्यातले बरेचसे नव्या सीमा, नवी वस्ती किंवा प्रांतभरची हवा यांचे आहेत; त्याच मतदारानं शांतपणे विचार बदलल्याचे फार थोडे.

पण २०१८ ते २०२२ची गोष्ट तशी नाही, म्हणूनच ती मला जास्त महत्त्वाची वाटते. रेषा त्याच. आमदार तोच उभा. वस्ती वाढली, पण चार वर्षांत यादी उलटीपालटी व्हावी इतकी नाही. तरी पाचही जागा पीसीकडे गेल्या. याला सरळ 'कौल फिरला' म्हणावं का? आधी प्रांताचे आकडे पाहा. पीसीला २०१८ला सुमारे २३ लाख मतं होती, २०२२ला सुमारे १९ लाख. मतं चार लाखांनी घटली आणि जागा ७६वरून ८३वर गेल्या! एनडीपीची मतं १९ लाखांवरून ११ लाखांवर आली. मतदान ४४ टक्क्यांच्या आसपास, प्रांताच्या इतिहासात सगळ्यात कमी. म्हणजे एक मोठा गट एनडीपीकडून पीसीकडे चालत गेला, असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. मोठा गट घरी बसला. जे घरी बसले नाहीत त्यांत पीसीचे जास्त होते.

अर्थात एवढ्यावर थांबलो तर पीसीवर अन्याय होईल. ब्रॅम्प्टनमध्ये त्यांनी मुद्दाम काम केलं. २०१८ला सत्तेवर येताच त्यांच्याच सरकारनं इथल्या नियोजित विद्यापीठ शाखेचा निधी काढून घेतला होता, आणि २०२०च्या जानेवारीत शहराच्या कौन्सिलनं आरोग्यसेवेची आणीबाणी जाहीर केली होती, कारण रुग्णालयाच्या बोळांमध्ये खाटा लावायची पाळी आली होती. २०२२च्या आधी त्याच सरकारनं दुसरं रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि हायवे ४१३ अशी ठोस आश्वासनं पुढे केली. ४१३ला टोरांटोत पर्यावरणाच्या नावानं विरोध झाला, पण रोज ४१० आणि ४०७ या हायवेंवर अडकणाऱ्या आणि ट्रकवर पोट असलेल्या घरात तो मुद्दा निराळा ऐकू येतो. आमच्यासारख्या याद्यावाल्यांना दारावर हा फरक चांगलाच जाणवत होता. पीसीनं नवा मतदार किती मिळवला आणि एनडीपीनं जुना किती गमावला, यात माझा कल दुसऱ्या बाजूकडे जास्त आहे. पण ते केंद्रनिहाय बदलतं. काही वसाहतींत दोन्ही घडलेलं दिसतं.

लोकसंख्येवरून अंदाज बांधणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०२१च्या जनगणनेत ब्रॅम्प्टन साडेसहा लाखांच्या वर आहे. त्यातला प्रत्येक जण मतदार नाही. पर्मनंट रेसिडेंटना मत नाही, परदेशी विद्यार्थ्यांना नाही. तुमच्या रस्त्यावर एका घरापुढे चार गाड्या दिसतात म्हणून तिथे आठ मतं आहेत असं समजू नका. तळघरात राहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव यादीत नसेल. वस्ती बदलते आणि तो बदल मतपेटीत उतरतो, या दोहोंमध्ये नागरिकत्व मिळेपर्यंतची काही वर्षं जातात. २०११चा निकाल हा त्याआधीच्या दशकातल्या स्थलांतराचा निकाल होता. आज जे येतायत त्यांचा निकाल अजून लागलेला नाही.

'इथे लिबरलच येतात' म्हणणाऱ्या तिसऱ्या माणसाचं काय? तो फेडरल निवडणुकांबद्दल बोलतोय. २०१५, २०१९ आणि २०२१ला ब्रॅम्प्टनच्या पाचही फेडरल जागा लिबरल होत्या, आणि त्याच काळात, त्याच रेषांवर, प्रांतात आधी एनडीपी आणि मग पीसी. दोन्हीकडे वेगवेगळा पक्ष निवडणं इथल्या लोकांना गैर वाटत नाही. गोंधळ वाढवणारी गोष्ट २०२५ला झाली. फेब्रुवारीतली प्रांतिक निवडणूक जुन्या रेषांवर झाली, एप्रिलमधली फेडरल नव्या रेषांवर, आणि त्यात ब्रॅम्प्टनच्या जागा सहा झाल्या. 'ब्रॅम्प्टन ईस्ट' हे नाव दोन्हीकडे आहे, पण नकाशे जुळत नाहीत. दोन तक्ते शेजारी ठेवून तुलना करणारे लेख तुम्हाला दिसतील. नकाशा न जुळवता केलेली असेल तर ती तुलना सोडून द्या.

आता स्वतः करून पाहायचं असेल तर. इलेक्शन्स ओंटारिओ ही प्रांताची निवडणूक यंत्रणा; ती केंद्रनिहाय निकाल आणि मतदान विभागांचे नकाशे जाहीर करते. आजच्या मतदारसंघाची सीमा घ्या, ती २०१४च्या विभागांच्या नकाशावर ठेवा. जे विभाग पूर्ण आत येतात त्यांची मतं सरळ मोजा. जे कापले जातात त्यांची मतं घरांच्या प्रमाणात वाटा. सगळ्यात त्रास देतात ती आगाऊ मतं, कारण ती एका मोठ्या केंद्रावर एकत्र पडतात आणि कुठल्या गल्लीतली ते कळत नाही. मी ती त्या केंद्राला जोडलेल्या विभागांत त्यांच्या मतदारसंख्येच्या प्रमाणात वाटतो. ही पद्धत अचूक नाही, कारण आगाऊ मतदान करणारे लोक वयानं मोठे आणि पक्षाशी बांधलेले असतात. पण आगाऊ मतं सोडून दिली तर चूक याहून मोठी होते. २००७च्या मागे असं जुळवत जाऊ नका. तिथे वस्तीच इतकी वेगळी आहे की आकडा निघेल, पण त्यातून काही कळणार नाही.

आकडे काढलेत की टक्केवारीआधी मतांची संख्या पाहा. एखाद्या केंद्रावर विजेत्याची टक्केवारी वाढली आणि मतं कमी झाली, तर तिथे काय झालं ते २०२२नं तुम्हाला दाखवलंच आहे. संख्या आणि टक्का दोन्ही वाढले असतील, आणि मध्यंतरी तिथे नवी घरं उभी राहिलेली नसतील, तर खुशाल म्हणा की लोकांनी मन बदललं.

शेवटचं, तुमच्या पहिल्या मताबद्दल. या भागात बरंच काही मतदानाच्या आधी, पक्षाच्या नॉमिनेशनमध्ये ठरतं. सदस्यत्व घेतलेले काहीशे लोक उमेदवार निवडतात, आणि कोणाच्या कुटुंबाची, गावाची, गुरुद्वाराची माणसं किती आली यावर ते फिरू शकतं. आपली मराठी मंडळी इथे संख्येनं थोडी आणि विखुरलेली, त्यामुळे एकगठ्ठा मत वगैरे विसरा. पण नॉमिनेशनच्या सभेत पंधरा-वीस माणसांनाही वजन असतं. त्यासाठी मुदतीच्या आत सदस्य व्हावं लागतं, आणि ती मुदत प्रत्येक पक्षाची वेगळी असते. ती आधी विचारून घ्या. मतदार यादीतलं नाव आणि पत्ताही आताच तपासा, कारण नव्या वसाहतींमध्ये यादीत जुना पत्ता राहिलेला मी फार वेळा पाहिलाय.